अस्वानचं गाऱ्हाणं

चिमाला राग यायला अस्वानात काही कमी नव्हतं. चहा काळा, तोही काचेच्या पेल्यात, वर पुदिन्याचं पान. भाकरी म्हणून जे समोर येई ते फुगलेलं आणि आत पोकळ. आणि सकाळपासून सून एकच पालुपद धरून बसलेली, "आई, आज एकदम निवांत, हं! आज कसली म्हणून घाई नाही." निवांत राहायला समुद्र ओलांडून यावं लागतं हे चिमाला पासष्टीला आल्यावर कळत होतं. आवळकोंडात आपल्या पडवीत पाय पसरून बसलं की सगळं निवांतच असायचं, आणि त्याला पासपोर्ट लागत नव्हता.

हॉटेलच्या गच्चीवरून नाईल दिसत होती. रुंद, निळी, संथ. पलीकडे वाळूचा डोंगर, पाण्यात पांढऱ्या शिडांच्या होड्या. त्या नदीला नावं ठेवायला जागा नव्हती, म्हणून चिमाला तिचाही राग आला.

"बघ आये, कसली भारी नदी हाय," गुरुप्रसाद म्हणाला. हा तिचा मुलगा. कुवेतला एसीच्या कंपनीत सुपरवायझर होता आणि सुट्टी काढून आईबापाला जग दाखवायला निघाला होता.

"पानी हाय," चिमा म्हणाली. "पानी बघायला मना विमानात कोंबलास?"

नम्रता हसली. ती डोंबिवलीची, सासूच्या फटकळपणाला हसून घालवायची तिची सवय होती. महिपत मात्र हसला नाही. एरवी बायको कोणाला टाकून बोलली की तो मिशीत हसायचा. आज तो टेबलावरच्या मोबाइलकडे बघत होता आणि मधूनच मुलाला विचारत होता, "रेंज मिळंल ना रे तितं?" इतक्या वर्षांच्या संसारात महिपतला रेंजची काळजी पडलेली चिमाने पहिल्यांदाच पाहिली. पण तिने मनावर घेतलं नाही, ती चूक तिचीच.

आता आवळकोंडाचं सांगायला हवं. रत्नागिरीहून आत शिरून कातळाचा उंच, सपाट सडा ओलांडला आणि खाली उतरलं, की पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना बसलेलं हे गाव. त्या पऱ्यावर धरण बांधून झालं होतं. येत्या पावसाळ्यात पाणी अडवायचं ठरलं होतं. गावातली बहुतेक घरं वर सड्यावर नव्या वसाहतीत गेली होती. तिथे डांबरी रस्ता होता, नळ होते, घरांना आकडे होते, आणि खाली सगळा काळा कातळ. ज्या कातळावर पावसाळ्यातल्या गवताखेरीज काही उगवत नाही, तिथे माणसं रुजवायला काढली होती. चिमा धरणाविरुद्ध ओरडून ओरडून दमलेली नव्हती. पाणी येणार, घर जाणार, हे तिने गिळलं होतं. तिचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, आणि ती गोष्ट म्हणजे नवलाई.

नवलाई ही गावची देवी. पऱ्याच्या वळणावर तिचं कौलारू देऊळ, आत शेंदूर न लावलेला काळा पाषाण. महिपतने तीस वर्षं मुंबईत हॉटेलात काढली. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, बाकी वर्षभर चिमाला बोलायला नवलाईच. सकाळी अंगण सारवायला गेली की चिमा तिला सगळं सांगायची. पोर तापलं तर तिला सांगायची, भात कुजला तर तिच्यावर चिडायची. एकदा महिपतचं पत्र चार महिने आलं नाही तेव्हा तिने देवीसमोर दिवा लावला नाही, दुसऱ्या दिवशी दोन लावले. नवऱ्यापेक्षा ती पाषाणाला जास्त ओळखत होती, हे ती चारचौघांत बोलून दाखवायची आणि महिपत ऐकून घ्यायचा.

देवीला हलवायचं तर तिला विचारायला हवं. विचारायची रीत म्हणजे कौल. गुरव पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे गावाचं म्हणणं मांडतो, आणि मग सगळे वाट बघतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दसऱ्याला कौल लावला तेव्हा डावी पडली. देवी येत नाही म्हणाली. विषय संपला, असं चिमाला वाटलं. पण दिवाळी उलटते न उलटते तो विनोद चार माणसं, पहारी आणि टेम्पो घेऊन देवळाशी हजर झाला. हा विनोद भावकीतला पुतण्या, वसाहतीच्या कमिटीचा पुढारी. चिमा उंबऱ्यात जाऊन बसली.

"देवीनं व्हय म्हनलान तर उचला. नायतर आदी मना उचला," ती म्हणाली. तिला उचलायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी असं ठरलं की माघात पुन्हा कौल लावायचा, तिच्या डोळ्यांदेखत.

आणि मध्येच गुरुप्रसादने ही तिकिटं आणली. चिमाला पहिल्यापासून डाळीत काही तरी काळं वाटत होतं. तिने रात्री नवऱ्याला सरळ विचारलं होतं, "मी नसताना कोन हात लावनार नाय ना तिला?"

"खुळी काय गो तू?" महिपत म्हणाला होता. "गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. मी तुज्यासंगती इमानात, मग गाऱ्हाणं घालनार कोन? माझा बा उठून येनार?"

हे तिला पटलं होतं. न पटायला काय झालं? त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

*

सकाळी आधी धरण दाखवायला नेलं. गाइडचं नाव हाशिम, चाळिशीचा, काळासावळा, हसरा माणूस. तो इंग्रजीत सांगायचा आणि नम्रता मराठी करायची. धरण केवढं उंच, केवढं लांब, त्यामागचा तलाव कसा पार दुसऱ्या देशात पोचला आहे, हे त्याने पाठ केल्यासारखं घडाघडा सांगितलं. माणसं फोटो काढत होती. वारा भणाणत होता. चिमा कठड्याशी उभी राहून त्या पाण्याकडे बघत राहिली. पाण्याला पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"त्याला इचार," ती नम्रताला म्हणाली, "ह्याच्याखाली गावं किती गेली?"

"आई, कशाला असले प्रश्न—"

"इचार म्हनते ना!"

नम्रताने विचारलं. हाशिमचं पाठांतर तिथेच अडलं. त्याने चिमाकडे नीट पाहिलं. ह्या पर्यटकांच्या गर्दीत असं विचारणारं माणूस त्याला बहुधा रोज भेटत नसावं. मग तो हळू बोलायला लागला आणि नम्रताही हळू सांगायला लागली. गावं सगळी गेली. त्याची माणसं नुबियन, ती ह्याच नदीच्या काठाला राहायची. त्याची आई तेव्हा लहान पोर होती. बोटीत घातलं, मग गाडीत घातलं, आणि नदीपासून लांब नवी घरं दिली. घरं पुरती बांधूनही झाली नव्हती. आईचा धाकटा भाऊ तिथे पोचल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच गेला.

"नि गावात देव नवता काय त्यांचा?"

"होता म्हणे. जुन्या लोकांची मोठमोठी देवळं होती," नम्रता म्हणाली. "ती मात्र वाचवली. आता आपण तिकडेच चाललोय. बेटावर देवीचं देऊळ आहे. ते पाण्यात जात होतं तर सगळ्या जगाने पैसा गोळा केला, एकेक दगड सुटा केला, त्याला आकडा घातला, आणि दुसऱ्या उंच बेटावर तसंच्या तसं उभं केलं."

"आनि मान्सांना?"

नम्रताने विचारलं. हाशिम हसला, पण ते हसणं सकाळचं नव्हतं. "माणसांना आकडे घातले नाहीत म्हणतोय. माणसं काय, कुठेही उभी राहतात."

चिमाच्या डोक्यात सणक गेली. कोणावर ते तिला धड सांगता आलं नसतं. त्या परक्या मुलखातल्या धरणावर, हाशिमच्या मामावर ज्यांनी उन्हाळा लादला त्यांच्यावर, की शेजारी उभं राहून मोबाइल वर धरून रेंज शोधणाऱ्या आपल्या नवऱ्यावर. "अवो, ऐकलात काय?" ती महिपतला म्हणाली. "मेल्यांनी दगड जपल्यानी नि पोरं मारल्यानी."

"हां, हां," महिपत म्हणाला. त्याने काही ऐकलं नव्हतं. "गुरू, तितं किती वाजले असतील रे?"

"जेवनं झाली असतील," गुरुप्रसाद म्हणाला आणि आईकडे बघून एकदम गप्प झाला.

*

बेटावर जायला होडी होती. होडीत बसल्यावर जरा वेळ चिमाचा राग निवला. पाणी जवळून बघायला तिला आवडायचं. तिने हात खाली सोडून बोटं बुडवली, आणि नम्रताने तिचा फोटो काढला. समोर पाण्यातून देऊळ वर आलं. पिवळसर दगडाचं, दरवाजाच्या दोन्ही अंगांना भल्यामोठ्या भिंती, आणि त्या भिंतींवर कोरलेल्या माणसाहून चौपट मोठ्या मूर्ती.

"ही कसली देवी?" चिमाने विचारलं.

हाशिमने सांगितलं. फार जुनी देवी, आई देवी. नवऱ्याचे तुकडे करून कोणी नदीत फेकले तर हिने गावोगाव फिरून तुकडे गोळा केले आणि नवरा जोडला.

"माझ्यावानी खुळीच," चिमा म्हणाली. पण तिला देवी आवडली. आत एका खांबावर देवीची मूर्ती होती, तिचं तोंड कोणीतरी छिन्नीने उडवलेलं. चिमाने तिला हात जोडले. मग विचारलं, "तिला हलवली तवा इचारलानी होतं काय तिला?"

हा प्रश्न नम्रताला इंग्रजीत घालता येईना. हाशिमला तिच्या हातवाऱ्यांवरून काहीसं समजलं असावं. तो म्हणाला, विचारणारं कोणी उरलंच नव्हतं, हिचे पुजारी संपूनच हजार वर्षं होऊन गेली होती.

चिमा मान हलवून मागे वळली, हे नवऱ्याला सांगायला. महिपत मागे नव्हता. गुरुप्रसादही नव्हता.

"बाथरूमला गेले असतील," नम्रता घाईघाईने म्हणाली. "आई, चला, आपण तिकडून नदीचा फोटो काढू."

"नदीचा फोटो काढून झाला."

"मग इथे बसू या ना जरा. आज निवांत—"

"नम्रता," चिमा म्हणाली, "तू बोलतेस एक नि बघतेस दुसरीकडं."

पोरगी खोटं बोलण्यात कच्ची होती. तिची नजर ज्या बाजूला जायची नव्हती त्याच बाजूला चिमा चालायला लागली. खांबांची एक लांब ओळ होती. ती ओळ संपल्यावर एका भिंतीच्या आडोशाला चिमाला बूट दिसले. पांढरे, नवे कोरे, गुरुप्रसादने बापाला मुद्दाम ह्या प्रवासासाठी घेतलेले. शेजारी शेजारी नीट ठेवलेले, मोजे घडी करून आत खोचलेले.

ती थबकली. सगळं जग त्या देवळातून बूट घालून फिरत होतं. ह्या देवीसाठी महिपतने बूट काढले नव्हते. महिपत मोजे खोचून बूट कधी काढतो ते तिला ठाऊक होतं. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि दसऱ्याला.

आणि मग भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. रोजचा नव्हे, गाऱ्हाण्याचा. नाकात थोडा चढवलेला, शब्दाच्या शेवटी लांबवलेला.

"…तुजी समदी लेकरं वर सड्याव गेली, आये. तितं तुज्यासाटी नवं देऊळ बांधलंय, लादी घातलीय. आता तूपन हट नको धरू, उजवी देऊन मोकळी हो, म्हाराजाऽ!"

आणि मोबाइलमधून, ढोलाच्या दणदणाटासकट, पंचवीस-तीस गळ्यांतून उत्तर आलं, "व्हय म्हाराजाऽ!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला गावाने असं होय म्हणायचं असतं. आवळकोंडातलं पोरही हे बोलायला शिकायच्या आधी शिकतं. तो होकार त्या हजारो वर्षांच्या दगडांत घुमला आणि दोन जपानी बायका वळून बघायला लागल्या.

चिमा भिंतीला वळसा घालून समोर उभी राहिली.

महिपत अनवाणी होता, हात जोडलेले, डोळे मिटलेले. त्याच्यापुढे गुरुप्रसाद दोन्ही हातांत मोबाइल आरतीच्या तबकासारखा धरून उभा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते ऐकलं होतं, पण इथे हा बाप इजिप्तातून देवी हाकत होता!

"आये—" गुरुप्रसाद म्हणाला आणि त्याच्या हातातला मोबाइल हलला.

"हालवू नकोस," चिमा म्हणाली. "मना दिसूंदे कोन कोन हाय तितं."

तिने बघितलं. नवलाईचा पाषाण, त्याला चिकटवलेल्या कळ्या. शेजारी रावजी गुरव ओल्या हाताने. त्याच्यामागे विनोद, इस्त्रीचा सदरा घालून. दारात टेम्पो, टेम्पोला झेंडूच्या माळा. आणि माणसं, घरटी सगळी माणसं. बायकांच्या घोळक्यात मालन होती, तिची शेजारीण, जिच्याबरोबर तिने अर्धं आयुष्य पाणी भरलं, जिला निघताना घराची किल्ली देऊन आली होती. मालनने नवं लुगडं नेसलं होतं. मालनने चिमाला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

म्हणजे गावात एकटी चिमाच अशी होती जिला माहीत नव्हतं. गुरं-वासरांनाही कळलं असेल, तिला नाही. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. दारू पिऊन घर विकणाऱ्या दिरावर आला नव्हता, धरणाची खूण म्हणून तिच्या चुलीशी खुंटी मारून गेलेल्या माणसावर आला नव्हता. त्या रागाने तिचे कान गरम झाले आणि आवाज मात्र खाली आला.

"मी नाय तर गाऱ्हाणं कोन घालनार, म्हनलात," ती महिपतला म्हणाली. "खोटं बोललात असतंत तरी चाललं असतं. तुमी खऱ्यानं फसवलंत."

"अगो, तुज्या जिवाला तरास नको म्हनून. तू तितं असतीस तर आडवी पडली असतीस, लोकांत शोभा—"

"डाक्टरनं सांगितलंय ना आये, बीपी वाढवायचं नाय," गुरुप्रसाद मध्ये पडला. "मीच म्हनलो बाबांना. तुना सगळं झाल्यावर सांगनार होतो. नव्या देवळात थेट दर्शनालाच—"

"माजा तरास माजा हाय! तो काडून घेनारा तू कोन?" चिमा ओरडली. "तीस वरसं बाप तुझा मुंबयत होता. तापानं फणफणलास तवा तिच्या पायरीव तुना घालून मी रात काडली. तितं कोन होतं? ही होती. तिला न्हेताना मी नसावी, म्हनून मना ह्या वाळूत आनून सोडलास! वर म्हनतोस जग दाखवतंय!"

हाशिम धावत आला होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण आई मुलाला झोडते आहे हे कोणत्याही देशात लांबून कळतं. तो मागेच थांबला आणि त्याने जपानी बायकांनाही दुसरीकडे वळवलं.

मोबाइलमधून रावजी गुरवाचा आवाज आला. "वयनी, हात जोडतो. फुलं लावलेली हायत. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाय, गावाला दोष लागंल. आदी ह्ये पुरं होऊंदे, मग काय ती शिवी द्या."

"अर्ध्यावर सोडता येत नाय?"

"नाय ना वयनी."

"मग मीच पुरं करतंय," चिमा म्हणाली.

तिने चपला काढल्या. गुरुप्रसादच्या हातातून मोबाइल घेतला, नम्रताच्या हातात दिला आणि म्हणाली, "सरळ धर." नम्रताने धरला. बाकी काही असो, त्या पोरीचा हात हलला नाही. महिपतने तोंड उघडलं, पण चिमाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की ते तसंच मिटलं. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. चिमाने ते आयुष्यभर बायकांच्या घोळक्यातून, मागून, माना उंच करून ऐकलं होतं, आणि ते तिला नवऱ्याहून चांगलं पाठ होतं. तिने हात जोडले आणि आवाज नाकात चढवला.

"आये नवलाई, म्हाराजा! मी ह्या आवळकोंडात लगीन करून आले तवापासनं तुज्या अंगनात शेन टाकलंय, तुज्याम्होरं दिवा लावलाय, तुज्याशी भांडलंय नि तुज्यापाशीच रडलंय, म्हाराजाऽ!"

तिकडे माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पण गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला, आणि सवय कोणाला चुकली आहे? मागच्या म्हाताऱ्यांनी सुरुवात केली आणि बाकीचे ओढले गेले. "व्हय म्हाराजाऽ!"

"आज तुज्या ह्या लेकरांनी मना गोड बोलून समुद्रापार धाडल्यानी, नि मागनं तुज्या बुडाखाली पारी घालायला उबी ऱ्हायली, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हा—" अर्धे बोलून गेले आणि चपापले. एक बहिरा म्हातारा तेवढा शेवटपर्यंत खणखणीत बोलला. मालनने पदर डोळ्यांवर घेतला.

"तरी पानी येनार, म्हाराजा. तुजी पायरी बुडनार, तुजा कळस बुडनार. तुना वर जावं लागंल, ह्ये मना कळतंय. मी येडी न्हाय. मी तुज्या वाटंत आडवी येनार नाय, म्हाराजाऽ!"

तिकडे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एवढंच म्हणायचं होतं तर म्हातारीला! विनोदने तर हात वर करून ओरडूनच सुरुवात केली, आणि सगळं गाव मोकळ्या गळ्याने गर्जलं, "व्हय म्हाराजाऽ!"

चिमा थांबली नाही. त्या गर्जनेच्या पाठोपाठ, श्वास न घेता, तिने पुढचं घातलं. "पन मी येऊन तुजी ओटी भरीन नि माज्या हातानं तुना पयला हात लावीन, तवाच तुजा पाषान जाग्यावरनं हालंल. त्याच्या आदी कोनी हालवनार नाय. हालवील त्येचं त्येनं नि तू बघून घे, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजाऽ!" गाव त्याच जोरात म्हणालं. विनोदचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

 आपण काय बोलून बसलो हे एकेकाच्या तोंडावर उतरत गेलं. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

"काकी, ह्ये काय बराबर नाय," विनोद म्हणाला. "बायकांचं गाऱ्हाणं गाव मानत नाय. रावजीकाका, सांगा ना तुमी!"

"मी काय सांगू?" रावजी म्हणाला. "गावानं व्हय म्हनलानी. तू पन म्हनलास. देवीच्या तोंडावर बोललास, आता माज्या तोंडाकडं काय बघतोस?"

 आणि तेवढ्यात, कोणी बघत नसताना, कळी पडली. रावजीने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मोबाइलकडे तोंड केलं.

"वयनी," तो म्हणाला, "उजवी दिलान."

गाव सुटल्यासारखं बोलायला लागलं. देवीने मान्य केलं, वयनींचं मान्य केलं, दोन्ही गोष्टी मान्य केल्या, येईलही आणि थांबेलही. कोणीतरी ढोलावर थाप मारली. गुरुप्रसादने कपाळावरचा घाम पुसला आणि नम्रताने मोबाइल खाली घेतला.

"झालं ना आता तुज्या मनासारखं?" महिपत म्हणाला. बिचाऱ्याने समजूत घालायलाच म्हटलं होतं.

चिमाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या मनासारखं! तिला डावी हवी होती. कळी पडेपर्यंत हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. येडी नाही, आडवी येणार नाही, हे सगळं ती तोंडाने बोलली, आणि आत कुठेतरी धरून होती की नवलाई ऐकणार नाही. ती म्हणेल, मी ह्या पायरीवरून उठत नाही, चिमे, बुडले तर बुडले. आणि नवलाई उठली. एका म्हातारीच्या एका शब्दावर उठली. एवढ्या लवकर! तिला त्या पाषाणाचाही संताप आला, गावावरच्या संतापाहून जास्त. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पदराने असं पुसलं की गाल लाल झाला.

"गुरू," ती म्हणाली, "उद्याचं तिकीट काड."

"आये, आता काय घाई? कोन हात लावनार नाय तिला. अजून आपलं कैरो ऱ्हायलंय, पिरॅमिड—"

"उद्याचं काड म्हनते. ती तितं एकटी हाय."

"एकटी कुठे, आई?" नम्रता हळूच म्हणाली. "अख्खं गाव आहे की तिच्याजवळ."

"म्हनूनच," चिमा म्हणाली, आणि चपला हातात घेऊन होडीकडे चालायला लागली.